जळक्या वासाची चौकशी

४ फेब्रुवारी

ति. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या रक्ततपासणीचा कागद आत्यानं मला पाठवलाय. तुम्ही तो कपाटात जुन्या स्वेटरच्या घडीत दडवला होतात हेही तिनं कळवलंय. तेव्हा तिच्यावर चिडू नका, चिडायचं तर माझ्यावर चिडा. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा साडेदहा! माझ्या चष्म्याच्या दुकानात उभ्या उभ्या वाचला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या चांगल्या डोळ्यावर भिंग लावलं आणि नीट का दिसत नाही म्हणून त्यालाच विचारत बसले.

सकाळी तुम्ही काय खाता तेही कळलं. खोक्यातले ते साखर लावलेले मक्याचे तुकडे, दुधात, दोन वाडगे. चाळीस वर्षं बेकरी चालवलेल्या माणसानं खोक्यातलं खावं? लाज वाटली पाहिजे. ते आजपासून बंद. त्याच्या जागी काय, ते खाली लिहिते आहे. यात धान्याचा कण नाही, साखर नाही, आणि अंड्यानं तुमचं तोंड सुजतं म्हणून अंडंही नाही.

दोन वाट्या बदामाचं पीठ, एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, मूठ मूठ सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया जाडसर कुटून, दालचिनी, चिमूटभर मीठ. दोन चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की तिचा चिकट लगदा होतो, तो अंड्याच्या जागी. एक पळी तेल. गोळा करून दोन कागदांमध्ये पोस्टकार्डाइतका पातळ लाटायचा, ओव्हनमध्ये मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजायचा, गार झाला की हातानं तुकडे करायचे. खायचे बिनसाखरेच्या दुधात. माझ्या लेकीनं पण खाल्ले, आणि ती नाकावर माशी बसू देत नाही हे तुम्ही जाणता.

ट्रे काढताना फडकं वापरा. तुमच्या हाताला भाजत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, पुन्हा दाखवायची गरज नाही.

लोभ आहेच, तो साखरेवर नको, आमच्यावर असू द्या.

तुमची,
ठिणगी


१० फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत बसलो. उभाच होतो, पण बसलो. पीठ नाही, अंडं नाही, साखर नाही. मग भट्टीत घालायचं काय? आयुष्यभर पहाटे तीनला उठून ज्या माणसानं गव्हाच्या पिठाचे डोंगर उपसले, त्याला त्याच्या पोटच्या पोरीनं बिया कुटायला सांगाव्यात! माझा भागीदार आला होता, त्याला वाचून दाखवलं. त्यानं तोंडात बोटं घातली. म्हणाला, हे पाखरांचं खाणं आहे, तुम्ही फक्त फांदीवर बसायचे बाकी आहात.

अंड्याचं तू म्हणतेस ते खरं. चाळीस वर्षं केक केले आणि एकही चाखला नाही. वासावरून सगळं कळायचं. अजून कळतं. डोळे अधू झाले, दात गेले, पण नाक जागेवर आहे.

फडकं मी वापरणार नाही. फडकं नवशिक्यांसाठी असतं. गेल्या हिवाळ्यात तापलेला ट्रे मी पायानं सरकवला तेव्हा तुझी आत्या किती हसली होती ते तिलाच विचार. बेकरीवाल्याचं कातडं म्हणतात ते हेच.

करून बघतो म्हणालो नाही. विचार करतो एवढंच म्हणालो.

माझ्या नातीला पापा. तिला सांग की आजोबांना अजून पंख फुटलेले नाहीत.

तुझा,
बाबा


१५ फेब्रुवारी

ति. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या नातीला कांजिण्या आल्यात. अंगभर फोड, आणि हाताला मोजे बांधून ठेवलेत म्हणून ती आमच्याशी बोलत नाही. मला लहानपणी आल्या नव्हत्या, त्यामुळे पुढचा नंबर माझा असं डॉक्टर हसत हसत सांगून गेले. दुकान कालपासून बंद ठेवलंय.

दुकानावरून आठवलं. परवा एक आजोबा डोळे तपासायला आले. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. मी चकित. मग तक्ता बदलला तरी त्यांनी तीच ओळ म्हटली! बाहेर बाकावर बसल्या बसल्या पाठ केली होती, चष्मा लागू नये म्हणून. मला हसू आलं आणि रागही आला. अहो, मला फसवून त्यांना काय मिळणार होतं? रस्ता त्यांनाच ओलांडायचाय ना?

आता कामाचं. तुमचा कागद मी एका आहारतज्ज्ञ बाईंना दाखवला, त्यांनी मला एक विचारायला सांगितलंय. तुमच्या पायांना मुंग्या येतात का? जळजळ होते का? खरं सांगा. आणि ते तुकडे करा हो बाबा. मी तुमच्याशी भांडते, पण मला भीती वाटते, म्हणून भांडते.

आत्याला नमस्कार. आमची आठवण वाडग्याएवढी तरी असू द्या.

तुमची,
ठिणगी


२१ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

बातमी मोठी आहे, तेव्हा आधी दम खा. काल केले.

आणि पोरी, झाले! दुकानातले दोन जुने काळे लोखंडी ट्रे मी घरी आणलेत, जाड, एकदा तापले की तासभर ऊब धरून बसणारे. ओव्हन तू सांगितलास त्यापेक्षा मंद ठेवला, कारण बदाम फसवा असतो, एका मिनिटात करपतो. बाहेर काढल्यावर बघतो तर सोनेरी, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखे. मोडले की टिचकीसारखा आवाज येतो. दुधात पाच मिनिटं टिकतात. मी स्वतःशीच हसलो. खोबरं थोडं कमी आणि दालचिनी दुप्पट केली आहे, तीच खरी कृती समज. तुझी चुकीची होती.

आता तक्रार ऐक. ओटा लहान, म्हणून बेकरीत ठेवायचो तसे दोन्ही ट्रे खिडकीखाली जमिनीवर ठेवले. एकातला कागद तुकड्यांसकट उचलून टेबलावर घेतला. तेवढ्यात खाली टपालवाला दिसला. त्याच्याशी खिडकीतून दहा मिनिटं बोललो असेन, त्याच्या मुलाला नोकरी लागली. बोलता बोलता जळका वास आला. वळून बघतो तर तुकडे सोनेरीच! ओव्हन बंद. फडकं मी वापरतच नाही. कागद पांढरा. सगळ्या घरात नाक घेऊन फिरलो, वास माझ्या मागे मागे येत होता. चाळीस वर्षांत माझं नाक असं चुकलं नव्हतं. बदामाचं तेल जळत असेल का? तुझ्या आहाराच्या बाईंना विचार.

दुसरं, तो जवसाचा लगदा. मानलं बुवा, अंड्याहून चिकट. कुठेतरी सांडला असावा, कारण माझा उजवा मोजा तळव्याला गच्च चिकटलाय, आज सकाळी ओढून पाहिला तरी निघेना. थंडी आहे, राहू दे. रविवारी आंघोळीला कोमट पाण्यात भिजवून काढीन.

पायांना मुंग्या येत नाहीत. काहीच येत नाही, पाय अगदी शांत आहेत. झालं समाधान?

नातीचे फोड सुकले की कळव. तिच्यासाठी एक डबा भरून ठेवलाय, आशीर्वाद वरून भुरभुरून.

तुझा,
बाबा


२७ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

मी आत्या, हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय, समजून घे. फोनवर तुला अर्धवट सांगितलं, ते पूर्ण सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या कोटाचं माप घेत होते. तू एवढंच म्हणालीस की आत्याबाई, असशील तशी बाबांकडे जा आणि त्यांचा उजवा पाय बघ, आणि रडायला लागलीस. मी गळ्यात टेप, हातात कात्री, तशीच दोन गल्ल्या पळत गेले. त्या बाई अजून माझ्या दुकानात हात पसरून उभ्या असतील.

दार उघडं होतं. दादा टेबलाशी बसून ते तुकडे खात होता. मजेत! मला बघून म्हणाला, ये, चव बघ. मी म्हटलं मोजा काढ. तो म्हणाला निघत नाही, जवस सांडलंय. मी खाली बसले आणि कात्रीनं मोजा वरून कापत आणला. वरचा भाग सुटला. खालचा सुटेना, कारण खाली मोजा राहिलाच नव्हता गं. वितळून कातडीत बसला होता. बोटांपासून टाचेच्या अलीकडपर्यंत सगळं काळं-पिवळं, आणि मध्ये ट्रेच्या काठाची सरळ रेघ. शिवणकामात मी हजार रेघा आखल्या असतील, अशी कधी पाहिली नाही.

आणि दादा? तो वाकून बघत होता, दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा तसा. त्यानं बोटानं दाबून पाहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, हे कधी झालं? तो जळका वास त्याला अजून बदामाचाच वाटत होता. पाच दिवस, पोरी. पाच दिवस तो त्या पायावर चालला, बाजारात गेला, जिने चढला.

साखरेनं त्याच्या पायांची जाणीवच गेली आहे म्हणे. डॉक्टरांनी दोन बोटं काढली आहेत. बाकीचा पाय वाचेल असं आज सकाळी म्हणाले. रविवारची वाट बघितली असती तर गुडघ्याखालून काढावा लागला असता, हेही म्हणाले. तू पत्र वाचून कसं ओळखलंस, मला कळत नाही. मी रोज भेटत होते आणि मला दिसलं नाही.

एक कबूल करते. त्यानं तापलेला ट्रे पायानं सरकवला तेव्हा मी हसले होते. सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, बघा, आमच्या दादाला भाजत नाही म्हणून. तेव्हाच त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती, आणि माझ्याही.

तू कांजिण्या सुकेपर्यंत येऊ नकोस, त्याला त्याची लागण परवडणारी नाही. इथे मी आहे. पोरीला जप, आणि आम्हा दोघांवर फार रागावू नकोस.

तुझी,
आत्या


२ मार्च

ति. बाबांना,
सा. न. वि. वि.

मला तुमच्यावर ओरडायचं आहे आणि तोंडभर फोड आलेत, म्हणून लिहून ओरडते.

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात वाचत होते. तुकडे करपले नाहीत हे वाचून खूश झाले. टपालवाल्याच्या मुलाची नोकरी वाचली. जळका वास वाचला आणि हसले, म्हटलं म्हाताऱ्याचं नाक गेलं एकदाचं. मग मोज्याशी आले. मग पुन्हा ट्रेशी गेले. तुम्ही त्या रिकाम्या, तापलेल्या ट्रेवर उभे राहून खिडकीतून बोलत होतात. तुमचं नाक चुकलं नव्हतं बाबा.

ती कृती मी पाठवली. वर्षभर बंद असलेला तुमचा ओव्हन मी पेटवायला लावला. हे मी कुणाला सांगू? रात्रंदिवस तेवढंच डोक्यात आहे. आणि हाताला भाजत नाही म्हणून चेष्टा करणारी मीच. शाळेत मैत्रिणींना सांगायचे, माझे बाबा निखारा उचलतात. तुम्ही आमचं कौतुक होतात, म्हणून आम्ही कुणी नीट बघितलंच नाही.

मला एकच सांगा. तुम्हाला माहीत होतं का? किती दिवस? पाठ केलेली ओळ म्हणून दाखवू नका.

इथून उठता येत नाही, नाहीतर आत्ता तिथे असते. तोवर माया असू द्या, आणि खरं बोला.

तुमची,
ठिणगी


९ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

आधी एक गोष्ट मिटवू. तुझ्या कृतीनं मला भाजलं नाही. आज ना उद्या मी कुठेतरी भाजलोच असतो, आणि तुझी कृती नसती तर मी पत्र लिहिलं नसतं, वासाची तक्रार केली नसती, आणि तू ओळखलं नसतंस. आज मला दोन बोटं कमी आहेत. नाहीतर पाय कमी असता. हा हिशेब मी इथे आढ्याकडे बघत पुष्कळदा केलाय, उत्तर तेच येतं.

आता तुझा प्रश्न. हो, माहीत होतं. तीन वर्षं.

एकदा बेकरीची किल्ली हरवली होती ते आठवतं? दिवसभर शोधली, सगळ्या कामगारांना कामाला लावलं, कुलूप तोडायची वेळ आली. मी सगळ्यांना सांगितलं की पिठाच्या पोत्यामागे सापडली. ती माझ्या बुटात होती. सकाळी बूट घालण्याआधीच आत पडली होती, आणि मी सबंध दिवस तिच्यावर उभा राहून ती शोधत होतो. घरी बूट काढला, ती खण्णकन पडली. तळव्यावर किल्लीचा ठसा होता, दातांसकट. तुझी आई असती तर तिला सांगितलं असतं. तुला नाही सांगितलं. हाताला भाजत नाही म्हटलं की लोक कौतुकानं बघतात. पायाला कळत नाही म्हटलं असतं तर कीव केली असती आणि भट्टीपासून दूर बसवलं असतं. म्हणून मी दोन्ही एकच आहेत असं सगळ्यांना वाटू दिलं. शेवटी मलाही तसंच वाटायला लागलं.

काल इथल्या डॉक्टरांनी तपासलं. डोळे मिटायला सांगितलं. हातात नायलॉनचा बारीक धागा होता. म्हणाले, डाव्या तळव्याला धागा लावीन, कळला की हो म्हणा. हा पाय तरी चांगला निघावा म्हणून मी अंदाजानं हो म्हणत गेलो. थोडं थांबून हो, पुन्हा थांबून हो. सात वेळा म्हणालो. मग नळाचा आवाज आला म्हणून डोळे उघडले. डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला हात धूत होते. धागा टेबलावर होता. त्यांनी तो पायाला एकदाही लावला नव्हता.

ठिणगे, मी आयुष्यात असा हादरलो नाही. मोजा कापला तेव्हासुद्धा नाही. तुझा तो तक्ता पाठ करणारा म्हातारा मला आठवला, आणि मी तुझ्या आत्यासमोर लहान पोरासारखा रडलो.

आता रोज सकाळी ती माझे तळवे आरशात धरून दाखवते, आणि मी बघतो. सकाळचा वाडगा तुझ्याच तुकड्यांचा, ते भागीदार करून आणतो, जाड लाटतो, पण बोलत नाही मी. ट्रे त्याच्याकडेच ठेवलेत.

तुमचे फोड सुकले की दोघी या. आल्यावर माझ्या पायावर हात ठेव. मी डोळे मिटून बसेन. कळला तर हो म्हणेन. नाही कळला तर नाही म्हणेन, कितीही वेळ लागला तरी.

दोन बोटं कमी, आशीर्वाद पूर्ण,
बाबा