जमिनीवरची नावं

प्रिय बाबा,

उद्याच्या बैठकीत मला एका नकाशावर सही करायची आहे. ती केली की तुमच्या नावावरून लोक चालत जातील. म्हणून हे पत्र आजच लिहिते आहे.

लखनौला नवं युद्धस्मारक होतंय. सैनिकांची नावं भिंतीवर येतील. युद्धात गेलेल्या नागरिकांचीही येणार आहेत, आणि त्यांत तुमचं आहे: सैन्याला रेशन पोचवणारे ट्रकचालक. मी तिथे स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. ते नाव माझ्या वडिलांचं, हे ऑफिसात कुणाला माहीत नाही. आडनाव एक असूनही कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

नागरिकांसाठीही भिंतच ठरली होती. त्या बाजूची माती मी तपासली. गोमती नदीकाठचा भराव आहे, उंच भिंत खचेल. तसा अहवाल मीच दिला, आणि तो आजही बरोबर आहे. आमचे वरिष्ठ चौबेसाहेब यांनी मग सोपा उपाय काढला. भिंत रद्द, नावं पायवाटेच्या फरशीत कोरायची.

"मैडम, लोग शहीदों के साथ-साथ चलेंगे. अच्छा है ना?"

"साथ नहीं सर, ऊपर," हे ओठांवर आलं होतं.

तुम्ही काय म्हणाला असतात? कॅन्टोन्मेंटच्या त्या एका खोलीत माझी पुस्तकं जमिनीवरच पसरलेली असायची. चुकून पाय लागला की तुम्ही वाकून पुस्तकाला हात लावायचात, मग कपाळाला. "सॉरी हं, भूगोल." मी म्हणायचे, "बाबा, वो सुनता नहीं है." "मराठीत सांग त्याला, ऐकेल."

काल आईला नमुन्याची पायवाट दाखवायला नेलं. फरशीवर काल्पनिक नावं कोरली आहेत. ती कडेलाच थांबली.

"चपला कुठे काढू गं?"

"काढायच्या नाहीत, आई. रस्ता आहे हा."

"रस्ता कसला? माणसांची नावं आहेत ना?"

चपला हातात घेऊन ती शेजारच्या खडीतून अनवाणी चालत गेली. सुपरवायझर हसला. "आंटीजी, इतनी देर में तो गोमती पार हो जाती."

"वो भी कर लूँगी भैया, इस पर पाँव नहीं रखूँगी."

मग तिने मला हळूच विचारलं, "ह्यांचं नाव भिंतीवर आहे ना?" मी म्हटलं, ऊन फार आहे, चल.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. हरकत घेतली तर कारण काय सांगू? अक्षरं झिजतील, पावसात दगड निसरडा होईल. खरं आहे, पण त्यावर उपाय निघेल आणि नावं तिथेच राहतील. खरं कारण सांगितलं, तर माझ्या प्रत्येक आकड्यावर शंका येईल. शिवाय उशीर झाला तर नागरिकांची नावं वगळूनच उद्घाटन होईल, असं चौबेसाहेबांनी बजावलंय. पायाखाली असलेलं बरं, की कुठेच नसलेलं? हे मी कसं ठरवायचं, बाबा?

थोडा रागही येतो तुमचा. "दोन दिवसांत येतो" म्हणून गेलात. कुठे जाताय, ते आईला तरी सांगायचंत.

मी नवं गणित केलंय. पायवाटेच्या कडेने कमरेइतका चबुतरा. वजन भिंतीपेक्षा बरंच कमी, माती ते पेलते. नावं वरच्या बाजूला, हात ठेवता येईल अशी. पुन्हा पुन्हा तपासलं, तरी भीती वाटते. मला हवं तेच उत्तर तर मी काढलं नाही ना?

आज संध्याकाळी आईला सांगेन, सध्याच्या नकाशात तुमचं नाव कुठे आहे ते. उद्या सही करणार नाही. चबुतरा मांडण्याआधी सांगेन, की यादीतलं एक नाव माझ्या वडिलांचं आहे, तेव्हा हे गणित दुसऱ्या इंजिनियरकडून तपासून घ्या. त्यांना म्हणेन, ते बरोबर निघालं, तर मला या कामातून बाजूला केलंत तरी चालेल, चबुतरा ठेवा. आवाज कापला तरी एवढं पूर्ण बोलूनच उठेन. हे माझं तुम्हाला वचन.

तुमची,
मीनल