टेस्टिंगची कॅसेट

बाबा, मी सध्या झरी जामणीकडच्या जंगलाजवळ एका अँटेनाची देखभाल करतो. तिथे मोबाइलची रेंज येत नाही, म्हणूनच संशोधकांनी ती जागा निवडली. पहिले तारे जन्मले त्या काळातल्या हायड्रोजनची अगदी क्षीण खरखर तिथे ऐकायची असते. पण आपल्या आकाशगंगेचाच आवाज एवढा मोठा की ती त्याखाली पार दबून जाते. आकाशगंगेचा आवाज संगणकावर एका गुळगुळीत वळणाने उतरत जातो. तसंच वळण आपण काढायचं आणि वजा करायचं. बारावी अर्धवट सोडलेल्या मला तिथल्या संशोधक मॅडमनी हे शिकवलं, आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "वळण फार वाकवलंस तर ते हवं तेही गिळेल." मला मात्र मागे थोडाही गोंगाट राहिलेला सहन होत नाही. मी एक वाक जास्तच देतो आणि बोलणी खातो.

आर्णीच्या आपल्या दुकानात टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की तुम्ही एकाच कॅसेटवर बोलून तो तपासायचात. दर वेळी जुनं पुसून नवं. त्यामुळे तुम्ही गेल्यावर शेवटचं तेवढंच उरलं. एप्रिलचा उकाडा आहे, टेबलफॅन घरघरतोय आणि तुम्ही मला म्हणता, "हॅलो, हॅलो. पंखा बंद कर ना बे, माह्या आवाजाले खाऊन राह्यला." मी बंद करत नाही.

यंदा ती कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घेतली. शेवटाला फीत टेपरेकॉर्डरमध्ये गुंडाळली गेली आणि तुटली. मग तुम्ही सांगितलेलं काम करायला बसलो. घरघर वजा केली, थोडी उरली म्हणून पुन्हा केली, आणि पुन्हा. सगळं स्वच्छ झाल्यावर त्याच फाइलवर सेव्ह केलं, जुनं पुसून नवं. तुमच्या आवाजातला खर्ज पंख्याच्याच पट्टीत होता आणि घरघरीबरोबर तोही गेला, हे नंतर कळलं.

आईला ऐकवलं. ती म्हणाली, "बोल तर त्यायचेच हायेत. पन हे कोन बोलून राह्यलं?"

मी तोच जुना टेबलफॅन लावला आणि फाइल पुन्हा सुरू केली. या वेळी तिने मान हलवली. "आता आले," म्हणाली.

मलाही तुम्ही ऐकू आलात. पण ते फाइलमध्ये उरलेलं होतं की घरघरीत मीच भरलेलं, हे मला सांगता येत नाही. मूळ आवाज माझ्याच हातून पुसला गेला, हे आईला अजून सांगितलेलं नाही. तिला ऐकायचं असलं की मी आधी पंखा लावतो. तिला वाटतं, उकडतं म्हणून.