हिंग्वाष्टक आणि आठ फुलके

२ ऑगस्ट, सकाळी ८
वजन ५१. रिषभचा सुरतहून फोन. म्हणाला, पर्युषणापर्यंत पंचावन्न झालं नाही, तर पप्पा, दुकानाला कुलूप लावून इकडे यायचं. मी नंदुरबार सोडणार नाही. बायकोला, पानीबाईला, जाऊन चार महिने झाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. अग्नी मंद झालाय, बस. वैद्य आलं सांगतात; आपल्या जैनांत जमिनीखालचं ओलं चालत नाही, म्हणून सुंठ, सैंधव, लिंबू. एकदम शिस्तीत.

५ ऑगस्ट
छातीत जळजळ. म्हणजे औषध लागू पडतंय. डोस वाढवला.

७ ऑगस्ट
हिंग्वाष्टक चूर्ण सुरू. पहिल्या घासात तुपाबरोबर. पहिला घास उत्तम गेला. दुसरा घेतला नाही.

९ ऑगस्ट
स्वयंपाकाच्या आशाबाईला दोनऐवजी आठ फुलके सांगितले. म्हणाली, शेठ, येकला माणूसले आठ कसाले? म्हटलं, भूक येतेय, तयारी हवी. साध्वीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आपल्या गल्लीत येतात, हा योगायोग. त्यांच्यासाठी मुद्दाम केलेलं त्या घेत नाहीत. हे माझ्यासाठीच.

१० ऑगस्ट
आल्या नाहीत. दार हवेसाठी उघडं होतं. आठही फुलके गाईला.

१२ ऑगस्ट
आल्या. डबा बघून विचारलं, घरात जेवणारे किती? तोंडातून 'दोन' गेलं. एक फुलका घेतला, धर्मलाभ म्हणाल्या. चार मिनिटं घरात माणसं होती. नंतर मी तीन फुलके खाल्ले. चूर्ण घ्यायचं राहिलंच. उद्या दुप्पट घेणार.

१३ ऑगस्ट
साध्वीजींशी खोटं बोललो, झोप नाही. त्या उतरल्यात त्या उपाश्रयात जाऊन कबूल केलं. प्रायश्चित्त म्हणून उपवास देतील वाटलं. तो मला हल्ली फार सोपा जातो. त्यांनी माझी मनगटं पाहिली. म्हणाल्या, पाच दिवस रोज एका साधर्मिकाला, आपल्या धर्माच्या माणसाला, जेवू घालून मगच जेवायचं. किरकोळ काम.

१४ ऑगस्ट, दुपार
चातुर्मास. मिरचीवाल्या हेमराजभाईंचा उपवास. गल्लीतल्या अरिहंतचं आयंबिल, त्याला तूप-तेलाचं चालत नाही. तिसरं नाव आठवेना. घरी कोणाला बोलवायचं ते पानीबाईच बघायची. फार एकटं वाटलं. मीही जेवलो नाही. अग्नीला विश्रांती.

१५ ऑगस्ट
रिषभला फोन केला. येतो म्हणालो. हवापालटानं भूक सुधारते, म्हणून. नात आयुषी किती वाजता जेवायला बसते, तेही विचारून घेतलं. तीही साधर्मिकच.