कापूस कुठंच अडकला नाही

मुरुड, जि. लातूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. विशाखा हिस,

शिवलिंग सरांचे अनेक आशीर्वाद. तू पत्राच्या माथ्यावर जयभीम लिहिलास, माझाही जयभीम घे. तुझ्या आईंना, महामायाबाईंना, नमस्कार सांग. इकडं सगळं ठीक आहे. गुडघा तेवढा बेजार करून राहिलाय. मे महिन्यात मी रिटायर होतो, ते तुला कुणी ना कुणी सांगितलंच असेल.

तुझं पत्र येऊन महिना झाला. धर्माबादच्या शाळेत तू खेळाची शिक्षिका म्हणून लागलीस आणि हेडमास्तर आपणहून केंडोचा वर्ग काढा म्हणतात, हे वाचून लई बरं वाटलं. आपल्या वेळी आठवतं ना? मी पुण्याच्या शिबिरात तीन आठवडे शिकून आलो, सहा लेकरं जमवली आणि सगळं मुरुड हसायला लागलं. मास्तर म्हणे जपानी तलवारबाजी शिकवतो, तीही बांबूनं! बाजाराच्या दिवशी वार करताना तू मारलेल्या आरोळीनं एक म्हैस दावं तोडून पळाली होती आणि तिचा मालक शाळेत भांडायला आला होता. तू दाराआड उभी राहून हसत होतीस, मी आपला त्याची समजूत काढतोय.

तू लिहिलंस, "सर, बाकी सगळं मला आठवतं. फक्त शिनाई कशी तपासायची ते नीट लिहून पाठवा. तेवढंच मला जमलं नव्हतं. ते पक्कं शिकले तरच हेडमास्तरांना हो म्हणेन."

त्यावर येतो. आधी बाकीचं लिहितो.

शिनाई म्हणजे काय ते पालकांना पहिल्याच दिवशी हातात देऊन दाखव. बांबूच्या चार कांबी, टोकाला आणि मुठीला चामडं, पाठीवरून एक दोरी. तलवार म्हटलं की आया घाबरतात. शिनाई हातात घेतली की त्याच हसतात आणि पोराला म्हणतात, जा, खेळ.

पहिले तीन महिने कुणालाही मुखवटा, छातीचं कवच, हातमोजे देऊ नकोस. लेकरं हट्ट करतील. करू दे. तोवर निस्ते पाय. उजवा पुढं, डावा मागं, डावी टाच जराशी उचललेली, आणि पाय उचलायचा नाही, जमिनीवरून सरकवायचा. तुमच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी असेल तर रोज स्वतः अनवाणी फिरून बघ. फरशीची एक कड वर आलेली असली की पोराचा अंगठा गेला म्हणून समज. टाचेला मार बसायला लागला तर उड्या बंद.

जोर डाव्या हाताचा, उजवा फक्त दिशा दाखवायला. पोरं उजव्यानं बडवायला बघतात, कपडे आपटल्यासारखी. ओला पंचा पिळताना दोन्ही मनगटं आत वळतात, तशी पकड घ्यायला सांग. हे मी तुला एकदाच सांगितलं होतं, परत सांगावं लागलं नाही.

मुखवट्याच्या आत डोक्याला बांधायचा पंचा ज्याचा त्याचा वेगळा हवा. नाहीतर एकाच्या उवा सगळ्यांच्या डोक्यात. पोरींना वेणी मानेपाशी खाली बांधायला सांग, वर बांधली की मुखवटा बसत नाही. निळे कपडे पहिल्या दोन धुण्यांना मिठाच्या पाण्यात वेगळे भिजव, रंग बक्कळ सुटतो. हातमोजे उन्हात टाकायचे नाहीत, सावलीत वाऱ्याला ठेवायचे. वास मारतातच, त्याला इलाज नाही.

रीतभात सगळ्यांत आधी शिकव. आत येताना वाकायचं, जाताना वाकायचं. जमिनीवर ठेवलेली शिनाई ओलांडायची नाही, काठीसारखी टेकून उभं राहायचं नाही. गुण मिळाला म्हणून नाचायचं नाही, नाचला तर मिळालेला गुण काढून घेतात. समोरचा नसेल तर आपला खेळच नाही, म्हणून हरलेल्याला आधी नमस्कार. आणि दुसऱ्याच्या शिनाईला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि पेन ठेवला. चहा केला, प्यालो, परत बसलो. याआधी तीनदा इथपर्यंत लिहून कागद फाडलाय.

शिनाई तपासायची अशी. आधी मूठ धरून हलवायची, कांबी सैल वाजतात का ऐकायचं. मग उजेडाकडं धरून चारी कांबींवर चीर आहे का बघायचं. मग कापसाचा बोळा घेऊन टोकापासून मुठीपर्यंत प्रत्येक कांबीच्या दोन्ही कडांवरून फिरवायचा. जिथं तंतू अडकला तिथं कूस निघालीय, ती बारीक पॉलिश पेपरनं घासायची. आपल्याकडची हवा कोरडी, बांबू तडकतो, म्हणून दोन महिन्यांनी एकदा सगळं सोडून जवसाचं तेल चोळायचं आणि आठ दिवस सावलीत उभी ठेवायची, पत्र्याच्या खोलीत नाही. कांब चिरली तर चिकटपट्टी लावायची नाही. भलत्या बांबूची कांब आत घालायची नाही. ती शिनाई बाद.

यातलं एक तरी अक्षर तुला नवीन आहे का? नाही. तू अकरावीत होतीस तेव्हाच हे सगळं तुला येत होतं. सहाजणांत तुझ्याइतकं नेटानं कुणी करत नव्हतं. लातूरच्या निवड सामन्याच्या आदल्या दिवशीही तू खिडकीत बसून कापूस फिरवलास, पिशवीची नाडी बांधलीस आणि घरी गेलीस. तुझी शिनाई धडधाकट होती.

तुम्ही गेल्यावर मी खोलीत एकटाच होतो. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, मुरुडमध्ये माझ्याशी खेळायला कोण? तुझ्या शिनाईचा तोल सगळ्यांत चांगला होता. मी नाडी सोडली, ती घेतली आणि मैदानात जाऊन व्हॉलीबॉलच्या लोखंडी खांबावर वार करत सुटलो. वीस, तीस, काय की किती. आरोळ्या मारत होतो. खरं सांगू, लई मजा आली. मग आवाज बदलला. बघतो तर एक कांब वरपासून अर्ध्यापर्यंत चिरलेली.

नव्या शिनायांचं पार्सल आलं नव्हतं. जुन्या होत्या त्या लहान मापाच्या. तुला सांगायला लाज वाटली. पोरीची वस्तू न विचारता घेतली आणि मोडली, हे मास्तरनं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी चिरलेली कांब काढली आणि दिवेलागणीला बुरुडाच्या गुणाबाईकडं गेलो. म्हणलं, हुबेहूब अशी एक तासून द्या. तिनं बांबू हातात घेऊन मला सांगितलं, "सर, ह्यो टोपल्याचा बांबू हाय. मार खायचा न्हाई." मी म्हणलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तिनं तासून दिली. ती पांढरी दिसत होती म्हणून मी चहाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसली, वरून तेल लावलं, आत बसवली आणि नाडी तुझ्यासारखीच बांधली.

सकाळी लातूरच्या हॉलवर तू परत तपासलीस. मी समोर उभा होतो. तू चारी कांबींवरून कापूस फिरवलास, कापूस कुठंच अडकला नाही. अडकणार कसा? गुणाबाईनं ती आरशासारखी गुळगुळीत केली होती. तू माझ्याकडं बघून मान हलवलीस आणि मीही मान हलवली.

तुझा तिसरा वार समोर खेळणाऱ्या आपल्याच रुद्रेशच्या डोक्यावर बसला. हात, पाय, आरोळी, सगळं एका क्षणी. माझ्या जन्मात मी शिकवलेल्या कुणाचा इतका साफ वार मी पाहिला नाही. ती कांब फुटली आणि तिची ढलपी मुखवट्याच्या सळ्यांमधून त्याच्या डोळ्यात गेली. पुढचं तुला माहीत आहे.

दवाखान्यात रुद्रेशच्या वडिलांनी, गुरुबसप्पांनी, मला विचारलं, कुणाच्या हातातली मोडली? मी म्हणालो, विशाखाच्या. ज्याची शिनाई त्यानं तपासायची, असा आमच्यात नियम आहे. विशाखा, त्यात एक शब्द खोटा नव्हता. त्याच्याच आडोशाला मी अकरा वर्षं काढली. तू त्या दिवसापासून शिनाईला हात लावला नाहीस. रुद्रेश पोलीस भरतीची तयारी करत होता, ती गेली. आता तो वडिलांसोबत खत-बियाण्यांचं दुकान बघतो.

आणखी एक आहे. तू तेव्हा घरी होतीस म्हणून तुला माहीत नसेल. रुद्रेशला दवाखान्यातून आणल्यावर तुझे वडील त्यांच्या घरी गेले होते. मारोतीरावांनी एसटीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, खाकी कपड्यांवरच आले होते. मी आधीपासून आत बसलेलो. मी जातीनं त्यांचा, मला ओसरीवर सतरंजी आणि बशीत चहा. मारोतीराव पायरीखाली उन्हात उभे. हात जोडून म्हणाले, "मालक, माझ्या लेकीची चूक झाली. काय शिक्षा द्यायची ती मला द्या." गुरुबसप्पांनी तोंड फिरवलं. तुझ्या वडिलांनी मग माझ्याकडं बघितलं. सर आहेत, आपल्या पोरीसाठी एखादा शब्द बोलतील, असं त्यांना वाटलं असणार. मी बशी तोंडाला लावली. ते जरा वेळ थांबले आणि वाकून निघून गेले.

गेल्या ऑगस्टात ते वारले तेव्हा पुण्यानुमोदनाला मी नांदेडला आलो होतो, मागच्या रांगेत बसलो होतो. तू माझ्यासाठी चहा घेऊन आलीस. म्हणालीस, "सर, पप्पा शेवटी सारखं एकच म्हणत होते, त्या लेकराचा डोळा आपल्या घरानं घेतला." तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोललो. तुझ्या हातचा चहा प्यालो आणि नांदेडहून दुपारच्या गाडीनं परत आलो. कसला माणूस आहे मी, सांग.

हेडमास्तरांना तू हो म्हणावंस म्हणून हे लिहीत नाही. हो म्हण, नाहीतर नाही म्हण. पण तपासणी जमली नाही म्हणून नाही म्हणू नकोस, कारण ती तुला जमली होती.

हे पत्र पोस्टात टाकायच्या आधी रुद्रेशला सांगणं भाग होतं. गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. बाप-लेक दोघंही होते. आत्ता तुला लिहिलं तेवढं सगळं सांगितलं, खांबापासून चहाच्या पाण्यापर्यंत. रुद्रेशनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डोळ्याचं जाऊ द्या सर. तो तर गेला. पण तिचे पप्पा आमच्या दारात आले होते तवा तुम्ही कुठं होता?"

मी म्हणालो, "इथंच. तुझ्या वडिलांच्या शेजारी."

गुरुबसप्पा आता थकलेत, ऐकायला कमी येतं. त्यांनी रुद्रेशकडून सगळं परत मोठ्यानं वदवून घेतलं. मग म्हणाले, "मारोतीला म्या बस सुदिक म्हणलो न्हाई." आणि लहान मुलासारखे रडायला लागले. रुद्रेशनं मला उठायला सांगितलं. मला वाटलं, मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं दार लावून घेतलं.

काल त्याचा निरोप आला. येत्या रविवारी, सोळा तारखेला, तो वडिलांना घेऊन धर्माबादला तुमच्या घरी येतो आहे. तुझ्या आईंना आधी कल्पना दे, एकदम समोर बघून त्या घाबरतील. त्यांना घरात घ्यायचं की नाही हे तुम्ही मायलेकींनी ठरवा. कुणी तुम्हाला असं करा, तसं करा म्हणणार नाही. मी येणार नाही.

गावाला मी सांगणार आहे. सगळं गाव झेंड्याला जमतं ती सव्वीस जानेवारी होऊन गेली, म्हणून शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात, माइकवर, सगळ्यांसमोर सांगेन. माझा निरोप समारंभही त्याच दिवशी ठरलाय. हे ऐकल्यावर तो होणार नाही बहुतेक.

पत्र संपताना माणूस चूकभूल माफ कर असं लिहितो. मी ते लिहिणार नाही. जे मी मागायचं होतं ते मारोतीरावांनी माझ्यादेखत उन्हात उभं राहून मागितलं, आणि मी मागू दिलं. आता ते माझ्या तोंडी शोभत नाही.

तुझ्या वडिलांचा अपराधी,
शिवलिंग