सात नंबरची डबी

२४ फेब्रुवारी, सोमवार
आज मशीनरूममध्ये पुण्याहून डब्या आल्या. एकूण बारा. साबणाच्या वडीएवढ्या, पांढऱ्या, वायर नाही, आत बॅटरी. त्यांचं खरं नाव सेन्सर. यंत्रांच्या, म्हणजे दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेच्या कॉम्प्युटरच्या, कपाटांना चिकटवायच्या, मग त्या दर पाच मिनिटांनी खोलीतली गरमी आणि ओल मोजून हवेतनंच कळवणार. कुणाला? आमच्या मॅनेजरच्या, जगदाळेसाहेबांच्या मोबाइलला.

बसवायला आलेली मुलगी इंदापूरची, अश्विनी. वडील तिथं हायस्कुलात मास्तर होते. आल्या आल्या म्हणाली, "तात्या, तुमी हितले सगळ्यात जुने. कुठं गरम होतं ते तुमीच दाखवा."

म्हटलं, कुठंच होत न्हाय. अकरा वर्षं दर दोन तासांनी खांबावरचा थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहितोय. बावीस, फार तर तेवीस. त्याच्या वर गेलेला एक दिवस काढून दाखव.

ती हसली. ते हसणं मला काही बरं वाटलं नाही.

२५, मंगळवार
डब्या का आल्या ते न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही. गेल्या महिन्यात दोनदा भर दुपारी तिसऱ्या कपाटातली यंत्रं आपोआप बंद पडली. यंत्रं बंद म्हणजे दोन्ही तालुक्यांतली आपली दूध संकलन केंद्रं बंद. दुसऱ्या वेळेला तर संध्याकाळच्या दुधापर्यंत सुरू झाली नाहीत. बाया किटल्या घेऊन काळोख पडेपर्यंत ताटकळल्या. संस्थेला शिव्या बसल्या.

दोन वर्षांपूर्वी अगदी असंच झालं होतं. तेव्हा ऑपरेटर दिलीप, लासुर्ण्याचा. त्यानं निष्काळजीपणानं बटण बंद केलं असं चौकशीत ठरलं आणि त्याला घरी पाठवलं. आता दिलीप नाही, तरी यंत्रं बंद पडतायत. मग बटण दाबतंय कोण? दिवसभर खोलीत मी एकटा. रिटायर होऊनही ठेवून घेतलेला माणूस.

डब्या यंत्रांवर नाहीत. माझ्यावर आहेत.

२७, गुरुवार
दिवसभर अश्विनीच्या मागं शिडी धरून उभा. कामाला पोरगी चोख आहे, ते म्हटलं पाहिजे. प्रत्येक कपाटाला पुढं तीन डब्या, खाली, मध्ये, वर. मागच्या अंगाला एक. कपाटाचं लोखंडी दार लावलं की चार नंबर मुकी व्हायची. आवाज बाहेर जात नाही म्हणे. शेवटी या सगळ्यांचं ऐकून पुढं कळवणारी अँटेनाची मोठी डबी तिनं तीन जागा बदलून खिडकीच्या वर लावली, तेव्हा चार नंबर बोलली.

जेवायच्या सुट्टीत कालच्या महाशिवरात्रीची खिचडी डब्यात होती ती पुढं केली.
"मी उपास करीत न्हाय तात्या. पण खिचडी सोडत न्हाय," म्हणाली. सगळी संपवली. घरी बायकोला, सुमनला सांगितलं तर तिला केवढा आनंद.

सात नंबरची डबी तिसऱ्या कपाटाच्या मागं, वरच्या बाजूला. तिथं माझं लुगडं बांधलेलं आहे. म्हणजे सुमनचं जुनं सुती नऊवारी, दुहेरी घडी करून. शेजारच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की मागच्या खिडकीच्या फटीतनं काजळी येते, यंत्रांवर काळा थर बसतो. म्हणून दिवाळी झाली की बांधतो, गुढीपाडव्याला सोडतो. अश्विनीनं ते उचललं, आत बघितलं, डबी चिकटवली आणि जसं होतं तसं परत सोडलं. एक शब्द बोलली नाही.

मनात पाल चुकचुकली. एरवी स्क्रूबद्दल पण दहा प्रश्न विचारते.

१ मार्च, शनिवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मोबाइल पुढं सरकवला. सात नंबर, दुपारी दीड, एक्केचाळीस.
"तात्या, तुमची वही काय म्हणते?"
"बावीस."
"बघा बुवा. काहीतरी घोळ दिसतोय."
अगदी मऊ बोलले. दिलीपशी पण असंच मऊ बोलले होते पहिल्या दिवशी.

डबी खोटी आहे. नाहीतर खोटी केलेली आहे. मोबाइलवरचा आकडा बदलायला कितीसा वेळ लागतो या पोरांना. म्हाताऱ्याला उगाच कसं काढायचं, कारण लागतं.

३, सोमवार
आज अश्विनी नव्हती, इंदापूरला घरी गेलेली. बरं झालं.

साडेदहाला सात नंबर आणि दोन नंबर, दोन्ही काढल्या. खांबावरच्या थर्मामीटरशेजारी अर्धा तास ठेवल्या. अँटेनाच्या डबीला छोटा पडदा आहे, त्यावर आकडे दिसतात. थर्मामीटर बावीस. दोन नंबर बावीस. सात नंबर पण बावीसच.

मग अदलाबदल केली. सात नंबर पुढच्या बाजूला लावली, दोन नंबर लुगड्याच्या आत.

पावणेदोनला अश्विनीचा फोन, आकडे तिच्याही मोबाइलवर दिसतात. "तात्या, सात नंबर एकदम गार झाली आन् दोन नंबरला ताप चढलाय. काय केलंत?"
"पुसायला काढल्या होत्या."
"मग पुसून झालं की आपापल्या घरी सोडा त्यांना." आणि हसली.

हसली ते राहू दे. दोन नंबर पण एक्केचाळीस म्हणाली. म्हणजे डबी खोटी नाही. जागाच…

पुढचं उद्या बघू.

४, मंगळवार
थर्मामीटर खांबावरून काढला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्यामागं खांब तेवढा पांढरा राहिलेला.

लुगड्याच्या आत बांधला. सव्वा वाजता अडतीस. दीडला एक्केचाळीस. दुपारी या वेळेला सगळ्या केंद्रांची सकाळची नोंद एकदम आत येते, तेव्हा यंत्रं दमतात, धापा टाकतात, गरम श्वास मागं सोडतात. तो बाहेर पडायला वाट नाही, मग फार तापली की आपोआप बंद पडतात. लुगड्याची दुहेरी घडी, त्यावर चार महिन्यांची काजळी. हात लावला तर पेटत्या चुलीची भिंत.

आणि खांब? एसीचं तोंड बरोबर खांबावर. मी अकरा वर्षं एसीचाच वारा मोजतोय.

आधी मेकॅनिक होतो तेव्हा दूध गार करायच्या बल्क कूलरच्या जाळीवर कुणी पोतं टाकलेलं दिसलं की मी गावोगावी चार शिव्या घालायचो. सातवी शिकलेला माणूस, कूलर उघडून उघडून शिकलो. कूलरला श्वास लागतो हे पोरासोरांना शिकवलं. आणि हितं स्वतःच्या हातानं नाकावर फडकं बांधलं.

लुगडं सोडलं. तीन वाजेपर्यंत एकतीस.
घडी करून घरी आणलं. सुमन म्हणाली, "फाटलं व्हय?"
"न्हाय."
"मग तोंड का असं?"

६, गुरुवार
अश्विनी आली. सरळ विचारलं, "डबी लावतानाच लुगडं बघितलंस ना?"
"व्हय."
"मग बोलली का न्हाईस?"
"आकडा हातात नसताना बोललं की माणसं माझ्यावरच चिडत्यात तात्या. म्हणून डबीला बोलू दिलं."

मी इतके दिवस तिच्यावर संशय घेत होतो आणि ती मला सांभाळून घेत होती. का माझ्यावर पाळत ठेवत होती? अजून नक्की कळत नाही. चहा पिताना तिनं विचारलं, "लुगडं किती वर्षं बांधताय?"
"हे चौथं."
तिनं कप खाली ठेवला. हिशेब तिलाही येतो आणि मलाही.

घरी येऊन दोन वर्षांपूर्वीची वही काढली. यंत्रं बंद पडली तो दिवस. दुपारी दोन, बावीस. माझं अक्षर, वळणदार. चौकशीत याच पानाची झेरॉक्स फिरली होती. खोली गार होती, म्हणजे गरमीनं बंद पडलं नाही, म्हणजे हातानंच पडलं. हात कुणाचा, तर दिलीपचा.

जेवण गेलं नाही.

८, शनिवार
साहेबांना सगळं सांगितलं. खांब, लुगडं, वही, दिलीप. त्यांनी पंखा बारीक केला, दार लोटून घेतलं.

"तात्या, अश्विनीच्या रिपोर्टात 'हवेला अडथळा होता, काढला' एवढं येईल. तुमचं नाव येणार नाही, लुगडं येणार नाही. विषय संपला."
"आणि दिलीप?"
"त्यानं तरी कुठं दाद मागितली? जुनं उकरून कुणाचं भलं होतंय?"

चौकशीवर सही त्यांची आहे. त्यांना माझी काळजी वाटते का त्या सहीची? आणि 'तुमचं नाव येणार नाही' ऐकून माझ्या छातीवरचा दगड हलला, तो कशापायी? साहेबांवर संशय घेता घेता मध्येच स्वतःवर आला.

९, रविवार
लासुर्ण्याला गेलो. मोटारसायकलवर. कन्हेरीहून निघताना सुमननं पिशवीत शेंगदाण्याचे लाडू दिले. कुणासाठी विचारलं नाही.

स्टँडच्या बाजूला दिलीपचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मी टेकलो तोवर एक गिऱ्हाईक आलं, "ए बटण, माझा चार्जर झाला का रं?"
दिलीपनं चार्जर दिला. पोरगं गेल्यावर म्हणाला, "गावात हेच नाव पडलंय. लेकीला शाळेत बटणाची पोरगी म्हणत्यात. पुण्यात दोन जागी नोकरीला गेलो, दाखल्यावर निष्काळजीपणा लिवलाय. दाखला बघितला की पुढं विचारतच न्हाईत."

मी सांगितलं. लुगड्यापासून सगळं. तो एका फोनचे स्क्रू काढत होता, काढून झाले, परत लावले.

"अर्ज देतो मी," म्हटलं. "माझ्या चुकीनं झालं असं लिहून देतो. दाखला बदलायला लावतो."
"लुगडं बांधणं ही चूक हाय तात्या. ती कुणाच्याबी हातनं होईल. पण मी तुमाला सांगितलं होतं."

हे मी इथंही लिहिलं नव्हतं. कालपर्यंत कुठल्याच पानावर नाही.

यंत्रं बंद पडायच्या आठ दिवस आधी दिलीपनं लुगडं उचललं होतं. म्हणाला होता, तात्या, मागं हात लावून बघा, भट्टी झालीय. आणि मी म्हटलं होतं, तू बटणं बघ, हवेचं मी बघतो. चार माणसांत म्हटलं होतं. मग चौकशीत साहेबांनी विचारलं, गरम होतंय अशी कुणी कधी तक्रार केली होती का? मी म्हणालो, न्हाय. दिलीप समोरच्या खुर्चीत होता. माझ्याकडं बघत होता.

मला आठवत नव्हतं असं नाही. लाज वाटली होती. कालच्या पोरानं मला कूलर शिकवावा.

"तवा तुमी का न्हाय बोललात?" मी विचारलं. तुमी म्हणून बोललो, तोंडातनं तसंच आलं.
"तुमची वही हुती. माझ्याकडं काय हुतं? अर्जात ते वाक्य टाका तात्या. दिलीपनं सांगितलं हुतं आन् मी न्हाय म्हणालो. तेवढं नसलं तर बाकीचा कागद मला नको."

लाडू ठेवून घेतले. चहा पाजला. निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आला नाही.

११, मंगळवार
अश्विनीचा रिपोर्ट उद्या वर संचालकांकडं जाणार. तिला म्हटलं, माझा अर्ज त्याला जोडशील का?
"अकराच्या आत आणा. त्यानंतर साहेब पाठवून देत्यात."
मग जरा थांबून, "तात्या, सगळा आणा."

हिला दिलीपनं फोन केला का? का हिला नुसतं माझ्या तोंडावरनं कळतं? डबी लावल्याशिवाय.

दुपारी साहेब मशीनरूममध्ये आले. कधी येत नाहीत. म्हणाले, पुढच्या वर्षी पण तुम्हीच राहा, माणूस घरचा पाहिजे. पाठीवर हात ठेवला. तो हात मला दिवसभर जड लागला.

१२, बुधवार. सकाळ
पाचला उठून अर्ज लिहायला बसलो. दोन पानं झाली. खांब आला, थर्मामीटर आला, लुगडं आलं, काजळी आली. वहीतला आकडा चुकीच्या जागेचा होता, तेही आलं. हे सगळं भराभर उतरलं. हात अडला नाही.

ते वाक्य तीन वेळा सुरू केलं. 'दिलीपने मला' इथपर्यंत येतं. एकदा पुढं 'बहुधा' लिहिलं. खोडलं. बहुधा काय. एकदा 'सुचवले होते' लिहिलं. तेही खोडलं. त्यानं सुचवलं नव्हतं, सांगितलं होतं. पान खराब झालं म्हणून नवीन घेतलं आणि सगळं परत उतरवून काढलं, सुवाच्य. शेवटी चार ओळींची जागा मोकळी ठेवली आहे. खाली सही करून ठेवलीय. सहीच्या वर मोकळी जागा ठेवणाऱ्या माणसाचा मला आजपर्यंत संशयच आलाय.

सुमन म्हणते, भाकरी बांधली, निघा. आठला ड्युटी. साहेब अकराला येतात. मध्ये तीन तास आहेत, आणि खोलीत मी एकटा.