तनुजाच्या सायकलचा स्टेम

सोमवार, ५ जानेवारी
तनुजाच्या शर्यतीच्या सायकलचं हँडल थोडं खाली घ्यायचंय. मी म्हणालो, मी करतो. तर म्हणे, बाबा, हात लावू नका, आतली नळी कार्बनची आहे, दुकानात नेते. वाळूजच्या कंपनीत माझी अख्खी उमर बोल्ट आवळण्यात गेली, अन् पोटची पोर म्हणते हात लावू नका! लई डोकं फिरलं. निषेध म्हणून जेवलो नाही.
नंतर जेवलो. भरीत होतं.

बुधवार, ७ जानेवारी
तनुजा कॉलेजात. मैदान साफ. सायकलच्या पुस्तिकेत लिहिलंय, टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, वापरा, पाच न्यूटन-मीटरच्या वर जाऊ नका, ग्रीस लावू नका. पाचात लोणच्याच्या बरणीचं झाकण बसत नाही! भरपूर ग्रीस लावलं. हँडल धरणारा तुकडा, म्हणजे स्टेम, नळीवर गरगर फिरायला लागला. बोल्टच नालायक. ॲलन-कीला पाईप चढवला अन् आवळलं. 'कट्' आवाज आला. म्हणजे पक्कं बसलं.

गुरुवार, ८ जानेवारी
तनुजा म्हणे, ब्रेक मारला की करकरतंय. कुणी हात लावला का, विचारत होती. मी म्हणालो, रस्ते खराब. बायको, विशाखा, माझ्या काळ्या नखांकडं बघत होती. तिच्यावरही चिडलो.

शुक्रवार, ९ जानेवारी
करकर वाढली. गुपचूप आणखी आवळलं. रविवारच्या शर्यतीत पोरगी जिंकली की सगळ्यांसमोर सांगणार, फिटिंग कुणाचं ते.

शनिवार, १० जानेवारी
तनुजानं स्वतःच स्टेम खोलला. नळीवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्याच वरच्या दांड्यावर, आडवी भेग. मी कडाडलो, मालच खराब, कंपनीवर केस ठोकतो! ती ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. हळूच म्हणाली, बाबा, उद्या दौलताबादच्या उतारावर हँडल माझ्या हातात आलं असतं.
विशाखा उठून आत गेली.
मी भेगेवरून नख फिरवलं. अडकलं.

रविवार, ११ जानेवारी
शर्यत तिच्याविना सुटली. आज कुणावर तरी जोरात चिडायचं होतं. कुणी सापडेना.
दुपारी तनुजा खोलीतून बाहेर आली. म्हणाली, चला, नवा फोर्क मागवायचाय. स्कूटर तिनं चालवली. मी मागं, तडकलेला फोर्क मांडीवर घेऊन. क्रांती चौकातल्या सिग्नलला मागं वळली. म्हणाली, बाबा, हेल्मेटचा पट्टा लावा.
लावला.