फक्त बोर्डाबद्दल लिहिते

सुदुंबरे,
रविवार, १४ जुलै २०२४

चि. मनूस,

सप्रेम जयभीम आणि दादाचे आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे बरे आहोत. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर एकच खूण येते, म्हणून शेवटी वही घेऊन बसलो. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. काही चुकलं तर हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा.

आई पुन्हा गुलाबाच्या पॉलीहाऊसवर जायला लागली आहे. काट्यांनी बोटं चिरतात, पण घरात बसवत नाही म्हणते. विठामावशीनं सांगितलं की तिकडे लोणावळ्यात आठ दिवस झाले धुकं हटलेलं नाही आणि कपडे वाळत नाहीत. हाताची पट्टी ओली होऊ देऊ नकोस. मावशी बंगल्याच्या साफसफाईला गेली की तू दिवसभर एकटीच असतेस, तेव्हा जेवण टाळू नकोस.

आता पत्राचं कारण. तुझ्या टेबलावर कॉम्प्युटरचं कॅबिनेट तसंच उघडं पडलं आहे. आईनं त्यावर जुनी साडी टाकली आहे, धूळ बसू नये म्हणून. प्रोसेसर, रॅम, वीजपुरवठ्याचा डबा, सगळं आपापल्या खोक्यात आहे. तुझ्या वहीतली यादी बघितली. प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण आहे. एका ओळीपुढे फक्त प्रश्नचिन्ह आहे: मदरबोर्ड. तू दोन वर्षं एकेक भाग जमवत होतीस आणि मी 'खेळणी' म्हणायचो. म्हटलं, राहिलेला भाग आपण आणू.

शुक्रवारी सुट्टी होती. चिंचवडला गेलो. दुकानदाराचं नाव अमृत, तुझ्याच वयाचा असेल. त्यानं विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

"गेमिंगसाठी. आणि ते ओव्हरक्लॉकिंग."

"तुम्ही करता?"

"बहीण करते."

तो खूश झाला. त्यानं दोन बोर्ड काढून समोर ठेवले. एकावर रंगीत दिवे, दुसरा नुसता काळा. मला म्हणाला, "दादा, सगळे भाग याच्यावरच बसतात. प्रोसेसरला ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं, ते ओव्हरक्लॉकिंग. जोरात पळवलं की वीज जास्त लागते. ती या शेजारच्या भागातून जाते. हा भाग कच्चा असला की तापतो."

"मग जळतो?"

"लगेच नाही जळत. आत सेन्सर असतात. तापलं की वेग आपोआप खाली येतो, फारच झालं तर मशीन बंद पडतं. काही जण ती मर्यादाच उडवून पळवतात. तसं करू नका म्हणावं ताईंना."

मी बरं म्हटलं आणि बाहेर आलो. बोर्ड घेतलाच नाही. तो मागून हाका मारत होता. पिंपरीपर्यंत चालत आलो तेव्हा लक्षात आलं की छत्री दुकानातच राहिली.

तेव्हा कुठला बोर्ड घ्यायचा ते तूच सांग. मला त्यातलं कळत नाही.

कंपनीत ठीक आहे. सगळे तुझी चौकशी करतात. त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही, उगाच तुला त्रास. मॅनेजर म्हणाले, कागदपत्रांचं त्यांनी सगळं बघितलं आहे, आपण त्यात डोकं घालू नये. तूही घालू नकोस. तब्येतीला जप.

तुझा,
दादा


लोणावळा,
२ ऑगस्ट २०२४

दादा,

जयभीम.

डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षर लावून घे. हे एक पान लिहायला मला दोन दिवस लागले.

तू बोर्डाबद्दल विचारलंस, म्हणून फक्त बोर्डाबद्दल लिहिते.

दिवेवाला घेऊ नकोस. दिवे बघून बोर्ड घेणारे पहिल्याच उन्हाळ्यात रडतात. प्रोसेसर माझ्याकडे आहे, त्यामुळे तो बसायचं सॉकेट एएम-फाइव्हच हवं. दुकानदार स्वस्तातला ए ६२० दाखवेल आणि 'चालतो की' म्हणेल. चालतो, पण त्यात प्रोसेसरचा वेग हातानं वाढवता येत नाही. बी ६५० घे. प्रोसेसरच्या बाजूला ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे बसवलेले असतात, ते नीट बघ. ते नुसते शोभेचे पातळ पत्रे नकोत, हातात जड लागले पाहिजेत. उष्णता तेच ओढून घेतात. मागच्या बाजूला बायोस, म्हणजे मशीन उठवणारा मूळ प्रोग्राम, नव्यानं भरायचं बटण आहे का विचार. वेग वाढवताना आकडे चुकले आणि मशीन उठलंच नाही तर त्यानं वाचवता येतं. रॅमसाठी चार खाचा असल्या तर बरं, दोन असल्या तरी चालेल.

तुला वाटत असेल, आता हिला हे कशाला हवं. मलाही वाटलं होतं. इथल्या एका सायबर कॅफेत गेले आणि माउस डाव्या हातात धरून माझा नेहमीचा खेळ लावला. पहिल्याच मिनिटाला मेले. सात वेळा मेले. मग उठून आले. त्या खेळात मी तालुक्यात कुणाला हरायचे नाही, तुला माहीत नसेल, तू कधी विचारलं नाहीस.

पण ओव्हरक्लॉकिंगच्याही स्पर्धा असतात. तिथे बोटं पळवावी लागत नाहीत. एक आकडा बदलायचा, मशीन चालू करायचं, तापमान बघायचं, थांबायचं, पुन्हा एक आकडा. दोन बोटांच्या हातानंही होतं. माझ्याकडे आता वेळच वेळ आहे. म्हणून बोर्ड नीट घे.

बोर्डाबद्दल संपलं.

मागच्या आठवड्यात कारखाना तपासणीचे अधिकारी मावशीकडे येऊन गेले. त्यांनी मला एक कागद दाखवला. त्यावर लिहिलं आहे की अपघाताच्या वेळी सेन्सर चालू होता आणि ऑपरेटरचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. खाली साक्षीदार म्हणून तुझी सही आहे.

दादा, त्या दिवशी माझा फोन तुझ्याकडे होता. माझ्या युनिफॉर्मला खिसा नव्हता म्हणून सकाळी मीच तुला ठेवायला दिला होता.

मानसी


सुदुंबरे,
रविवार, २५ ऑगस्ट २०२४

मनू,

जयभीम.

तुझं पत्र आठ तारखेला मिळालं. उत्तर लिहायला बसलो आणि उठलो, असं बऱ्याचदा झालं. आज सगळं लिहितो. वाचवत नसेल तर बाजूला ठेव, पण फाडू नकोस. पुढे उपयोगी पडेल.

त्या दिवशी पत्र्याचे तुकडे ठोकणाऱ्या चार नंबरच्या प्रेसवर बसणारी बाई आली नव्हती. गाडी भरून दुपारी माल जायचा होता. मी लाईनचा प्रमुख, मीच तुला तुझ्या टेस्टिंगच्या टेबलावरून उठवून तिथे बसवलं. तुला त्या प्रेसची सवय नव्हती हे मला माहीत होतं. हात आत गेला की प्रेस थांबवणारा, त्याच्या तोंडापुढचा सेन्सर सकाळपासून त्रास देत होता. हात आत नसतानाही प्रेस अडकायचा. काच पुसली, पुन्हा अडकला. मॅनेजर दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. तेव्हा मी पॅनेलला चावी लावली आणि सेन्सर बंद केला.

तुला ते कळलं. तू विचारलंस, "दादा, सेन्सर बंद केलास का?"

मी म्हणालो, "चालव गं, मी आहे ना."

तू पॅडल एकदाच दाबलंस. प्रेसनं दोन ठोके मारले. पहिल्या ठोक्यानंतर तू तुकडा उचलायला हात घातलास, जसा कुणीही घालील. सेन्सर चालू असता तर दुसरा ठोका अर्ध्यात थांबला असता. एवढंच झालं. तुझी काहीही चूक नव्हती. हे मी तीन महिन्यांत कुणाजवळ बोललो नव्हतो.

मी तुझ्याबरोबर गाडीत होतो. दवाखान्यातून परत आलो तेव्हा चावी फिरवलेली होती, सेन्सर चालू होता, आणि टेबलावर कागद टाईप करून तयार होता. मॅनेजर म्हणाले, "प्रदीप, बोटं तर आता येणार नाहीत. तुझी नोकरी तरी राहू दे. तुम्हा सगळ्यांचं घर त्याच्यावर आहे." मी वाचलं. मोबाईलचा शब्द वाचला. तुझा फोन तेव्हा माझ्या पँटच्या खिशात होता. मी सही केली.

कारण सांगत बसत नाही. भीती वाटली होती. घरच्या भाकरीची काळजी होती म्हणून केली असं मी स्वतःला सांगायचो, पण सही करताना मला फक्त गजाआडचा मी दिसत होतो.

आता पुढचं. एकोणीस तारखेला, सोमवारी, चार नंबरवर सारिकाला बसवलं. इंदोरी गावची, लग्नाला वर्ष झालेली, तू तिला ओळखतेस. अकराच्या सुमारास सेन्सर पुन्हा अडकायला लागला. मॅनेजर लांबूनच ओरडले, "प्रदीप, बघ ना जरा!" त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि सारिकालाही. तिनं पॅडलवरचा पाय काढला आणि माझ्याकडे बघत राहिली. ओढणीचं टोक मुठीत धरून नुसती बघत होती.

मी पॅनेलपाशी गेलो. चावी काढली आणि खिशात टाकली. मेन स्विच बंद केला. सारिकाला म्हणालो, "उठ, घरी जा." मॅनेजर धावत आले. "काय चाललंय तुझं?" मी म्हणालो, "हा प्रेस आता कुणी चालवायचा नाही." ते म्हणाले, "सही तुझीच आहे, विसरू नकोस. बुडालो तर तू पहिला बुडशील." मी म्हणालो, "व्हय, ठाऊक हाय मला." घाईत तोंडात आपलं घरचं बोलणं आलं.

त्या दिवशी घरी जाऊन आधी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं. तवा उतरवला. मला वाटलं मारील. ती म्हणाली, "पोरीनं फोन बगितला आसंल असं मला वाटलं रं. मी तिला बोलले. दवाखान्यात, तिचा हात असा बांदलेला आन् मी तिला बोलले, तुला त्या डबड्याचं लय याड म्हणून. ती गप पडून ऱ्हायली. तू बाजूलाच हुता."

मी बाजूलाच होतो, मनू. तू माझ्याकडे बघितलं होतंस. मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि पॉलीहाऊसवर निघून जाते. तुझ्याकडे यायचं म्हणते, पण पोरीला तोंड कसं दाखवू, असं शेजारणीजवळ रडत होती. जमलं तर तूच तिला फोन कर. ती फसवली गेली होती. तिला माफ करणं सोपं आहे.

बुधवारी पुण्याला त्या अधिकाऱ्यांकडे गेलो. चावी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी माझा जबाब लिहून घेतला, दोन तास लागले. शेवटी त्यांनी विचारलं, "यात तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल. वकिलाशी बोललात?" मी म्हणालो, बोललो नाही, तुम्ही लिहा. सेन्सर मी बंद केला, बहिणीनं विचारलं होतं, मी तिला चालव म्हणालो, फोन माझ्याकडे होता, खोट्या कागदावर सही माझी, सगळं त्यात आहे. जबाबाची झेरॉक्स सोबत जोडतो आहे. वाचून काही राहिलं असेल तर लिहून ठेव. कंपनीनं मला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. सारिकाला दुसऱ्या लाईनवर पाठवलं असं ऐकतो. चार नंबरला अधिकाऱ्यांनी सील ठोकलं आहे.

बोर्ड घेतला. अमृतनं बी ६५० चे तीन काढले, मी तिन्हींचे ठोकळे हातात धरून बघितले. दोन हलके लागले. तिसरा काळा, जड, मागे बटण असलेला, तो घेतला. पत्राबरोबरच पार्सल करतो आहे. घरी आणल्यावर खोकं मी उघडलेलं नाही. कॅबिनेट आणि बाकीचं सामान मावशी शनिवारी येऊन टेम्पोनं घेऊन जाईल, तिच्याशी बोलणं झालं आहे. ते बोर्डावर बसवायला मी यायचा नाही. तुझं तू बसवशील, आणि वेळ लागला तरी तुझ्याच हातानं होईल.

हा बोर्ड देऊन काही फिटलं असं मला वाटत नाही. तुझ्या पत्रातलं ते वाक्य, तू कधी विचारलं नाहीस, ते खरं आहे. तू तालुक्यात कुणाला हरत नव्हतीस हे मला तुझी बोटं गेल्यावर कळलं.

प्रकरण वडगावच्या कोर्टात उभं राहील. तुला साक्षीला बोलावतील, मी आरोपींत बसलेला असेन. त्याआधी लोक तुझ्याकडे येतील. कंपनीचा माणूस येईल, नातेवाईक येतील, मावशीसुद्धा म्हणेल की सख्खा भाऊ आहे, जरा सांभाळून बोल. कुणाचं ऐकू नकोस. माझ्या तोंडाकडे बघू नकोस. न्यायाधीश विचारतील ते सगळं सांग, मी काय बोललो आणि कसा बोललो, ते जसंच्या तसं. मला वाचवायला एक शब्दही गाळू नकोस.

तू बोलावल्याशिवाय मी लोणावळ्याला येणार नाही.

तुझा,
प्रदीप